‘राशोमोन’ पाहून कोण काय म्हणालं

आज आम्ही एका सिनेमाबद्दल बोलणार आहोत. सिनेमा जपानचा, १९५० सालचा, काळापांढरा. नाव ‘राशोमोन’. लांबी जेमतेम दीड तास. जगभर गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं लोक तो बघतात आणि बघून झालं की भांडतात. आम्हीही ग्रामसंघाच्या खोलीत भिंतीला चादर लावून तो पाहिला, आणि आम्हीही भांडलो. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती आमच्यातली एकजण थांबवून थांबवून मराठीत सांगत होती. त्यामुळे दीड तासाच्या सिनेमाला तीन तास लागले. त्या तीन तासांत दोघीतिघी स्वयंपाकाला उठून गेल्या आणि परत आल्या, यावरून काय ते समजा.

आधी गोष्ट सांगतो, कारण गोष्टीशिवाय पुढचं कळायचं नाही.

राशोमोन म्हणजे जपानच्या जुन्या राजधानीची, क्योतोची, दक्षिणेकडची मोठी वेस. काळ आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा. दुष्काळ, लढाया, रोगराई यांनी सगळं मोडून पडलंय. वेशीचं छप्परही अर्धं ढासळलंय. धो धो पाऊस पडतोय आणि आडोशाला तीन माणसं बसलीत, एक लाकूडतोड्या, एक भिक्षू आणि एक असाच वाटसरू. लाकूडतोड्या नि भिक्षू नुकतेच चौकशीत साक्ष देऊन आलेत. जे ऐकलं त्यानं त्यांचं डोकं चक्रावलंय.

प्रकरण असं. एक सामुराई, म्हणजे शस्त्र बाळगणारा योद्धा, बायकोला घोड्यावर बसवून रानातून चाललेला. वाटेत ताजोमारू नावाचा दरोडेखोर झाडाखाली पडलेला. वाऱ्यानं बाईच्या तोंडावरचा पडदा क्षणभर उडतो आणि तिचा चेहरा त्याला दिसतो. तो सामुराईला सांगतो की माझ्याकडे पुरून ठेवलेल्या उंची तलवारी आहेत, स्वस्तात देतो. सामुराई बायकोला वाटेवर सोडून त्याच्या मागे रानात शिरतो. दरोडेखोर त्याला झाडाला बांधतो आणि त्याच्या देखत बाईवर जबरदस्ती करतो. नंतर सामुराई मेलेला सापडतो.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढे नाही.

दरोडेखोर सांगतो, बाईच म्हणाली की दोघांपैकी एकानं मरायला हवं, दोन पुरुषांसमोर झालेली बेअब्रू मला सोसवणार नाही. मग आम्ही मर्दासारखे लढलो, तेवीस वेळा तलवारीला तलवार भिडली आणि मी त्याला मारलं. बाई सांगते, दरोडेखोर निघून गेला, मी नवऱ्याकडे धावले, तर तो माझ्याकडे किळस आल्यासारखा नुसता बघत राहिला. मी म्हटलं, मारून टाक पण असं बघू नकोस. हातात खंजीर होता, मला भोवळ आली, शुद्धीवर आले तेव्हा खंजीर त्याच्या छातीत होता. मेलेला नवराही साक्ष देतो! एका बाईच्या अंगात येऊन बोलतो. हे दृश्य आलं तेव्हा आमच्या खोलीत एकदम शांतता झाली, कारण अंगात येणं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तो सांगतो, माझी बायको त्या दरोडेखोराबरोबर जायला तयार झाली, वर म्हणाली आधी याला मार. ते ऐकून दरोडेखोरसुद्धा दचकला. शेवटी मीच स्वतःला खंजीर मारून घेतला.

मग लाकूडतोड्या कबूल करतो की मी सगळं लपून पाहिलं होतं, चौकशीत बोललो नाही. तो सांगतो, दरोडेखोर बाईच्या पाया पडत होता, माझी हो म्हणून. तिनं नवऱ्याला सोडवलं. तर नवरा म्हणाला, हिच्यासाठी मी जीव धोक्यात घालणार नाही, हिच्यापेक्षा माझा घोडा गेल्याचं दुःख जास्त आहे. मग ती दोघांनाही हसली, तुम्ही कसले पुरुष म्हणाली. तेव्हा कुठे ते लढले. लढले कसले, थरथरत, धडपडत, एकमेकांना भिऊन पळत. मोठ्या कष्टानं एक मेला. पण हा लाकूडतोड्याही पुरता खरा नाही. तो मोत्याच्या कामाचा खंजीर कुठे गेला, असं वाटसरू विचारतो आणि याची मान खाली जाते.

ही चौथी गोष्ट संपली आणि आमच्याकडे गलका सुरू झाला. तो नंतर सांगतो. आधी हा सिनेमा पहिल्यांदा पाहणारे काय म्हणाले ते ऐका, कारण तीही एक गोष्टच आहे.

पहिले न समजणारे घरचेच होते. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की शूटिंग सुरू होण्याआधी त्यांचे तीन सहायक त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, आम्हाला ही पटकथा कळतच नाही. कुरोसावांनी त्यांना समजावलं की माणसाला स्वतःबद्दल खरं बोलता येत नाही, थोडं सजवल्याशिवाय तो स्वतःविषयी बोलूच शकत नाही. मेलेल्या माणसालाही ते सुटत नाही. दोघांना पटलं. तिसऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

दाईए नावाच्या ज्या कंपनीनं सिनेमा काढला, तिचे अध्यक्ष मासाइची नागाता यांनाही तो काही उमगला नव्हता. पुढे सिनेमाला मान मिळाल्यावर याच नागातांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं की हा सिनेमा आपण पुढे ढकलला म्हणून झाला. कुरोसावांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, हा तर ‘राशोमोन’च पुन्हा चाललाय. आम्ही हे वाचलं तेव्हा खूप हसलो. कर्ज फिटलं की ‘मीच म्हटलं होतं’ म्हणणारे आपल्याकडे थोडे आहेत का?

सिनेमा १९५० च्या ऑगस्टमध्ये जपानात लागला. समीक्षकांनी तो वाईट ठरवला असं नाही. ‘किनेमा जुम्पो’ या तिथल्या जुन्या सिनेमासिकानं वर्षातल्या चांगल्या जपानी सिनेमांत त्याला पाचवा नंबर दिला. बरा आहे, निराळा आहे, इतकंच. गाजावाजा नव्हता.

तेव्हा जपानी प्रेक्षक कुठल्या काळातून येत होता, हेही बघायला हवं. महायुद्ध हरून पाच वर्षं झाली होती. देशात अमेरिकन सैन्याचा अंमल होता, तो १९५२ पर्यंत राहिला. १९४६ ते १९४८ या काळात तोक्योत युद्धगुन्ह्यांचा मोठा खटला चालला होता. कोणी काय केलं, कोणाला काय माहीत होतं, याच्या साक्षी लोकांनी दोन वर्षं पेपरात वाचल्या होत्या. पडद्यावरची मोडकी वेस त्यांना फार जुन्या काळातली वाटली नसणार.

आणि बायकांचं म्हणाल तर जपानी बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं ते १९४६ च्या एप्रिलमध्ये. त्या निवडणुकीत ३९ बायका निवडून आल्या. पण दुसरी एक गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. १९४७ पर्यंत जपानच्या फौजदारी कायद्यात लग्न झालेल्या बाईनं परक्या पुरुषाशी संबंध ठेवणं हा गुन्हा होता, नवऱ्यानं तक्रार केली की तिला शिक्षा व्हायची. नवऱ्यानं मात्र अविवाहित बाईशी संबंध ठेवला तर तो गुन्हा नव्हता. हे कलम १९४७ साली काढलं. म्हणजे ‘राशोमोन’ लागला तेव्हा त्याला फक्त तीन वर्षं झाली होती. थिएटरात बसलेल्या माणसांच्या मनातून एखादी गोष्ट तीन वर्षांत जाते का? पडद्यावर एक बाई रडत सांगतेय की माझ्यावर जबरदस्ती झाली आणि नवरा माझ्याकडे किळसून बघत होता. तिच्याकडे बघणाऱ्यांत, कालपर्यंत कायद्यानंच बाईला एक आणि पुरुषाला दुसरं माप लावलेलं पाहिलेली माणसं होती.

ही बाई केली माचिको क्यो या नटीनं. भूमिकेसाठी तिनं भुवया काढून टाकल्या. जुन्या काळातल्या सरदार घराण्यातल्या बायकांची तशी रीत होती. चार साक्षींत तिला चार वेगळ्या बाया व्हायचं होतं. तिकडे दरोडेखोर झालेल्या तोशिरो मिफुने यांचं नाव जगभर झालं. आमच्या मते खरं अवघड काम बाईचं होतं.

मग इटलीची गोष्ट. जपानात राहून इटालियन सिनेमांचं काम बघणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली नावाच्या बाईंनी ‘राशोमोन’ पाहिला आणि व्हेनिसच्या महोत्सवासाठी तो सुचवला. पाठवणाऱ्यांना फार आशा नव्हती आणि कुरोसावांना तर आपला सिनेमा गेलाय हेही माहीत नव्हतं. त्यांचा पुढचा सिनेमा ‘इडियट’ आपटला होता, हाती आलेलं काम गेलं होतं. ते नदीवर मासे धरायला गेले, तर गळाची दोरीही तुटली. सप्टेंबर १९५१ मध्ये असे रिकाम्या हातांनी घरी आले तर बायको दारात येऊन म्हणाली, अभिनंदन. हे कशाबद्दल, तर ‘राशोमोन’ला व्हेनिसचं सोनेरी सिंहाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं.

तेव्हा जपानातले काही समीक्षक म्हणाले की गोऱ्या लोकांना पूर्वेकडचं काहीतरी विचित्र बघायची हौस असते, म्हणून बक्षीस दिलं. कुरोसावांना हे लागलं. आपल्या माणसांना आपल्याच गोष्टीची किंमत का नसते, असं त्यांनी लिहिलंय. जपानच्या लाकडी ठशांच्या चित्रांचंही असंच झालं होतं, परदेशात नावाजली गेली तेव्हा घरच्यांना कळलं. डिसेंबर १९५१ मध्ये सिनेमा अमेरिकेत लागला आणि १९५२ साली त्याला मानाचा ऑस्कर मिळाला. त्यानंतर जगाचं लक्ष जपानी सिनेमाकडे गेलं, ते आजवर आहे.

आपल्या देशातही तो लगेच आला. कलकत्त्यात तेव्हा ‘पाथेर पांचाली’ काढायच्या धडपडीत असलेल्या सत्यजित राय यांनी तो पाहिला. एकदा नाही, लागोपाठ तीन दिवस, तीनदा. दिग्दर्शकाची प्रत्येक बारीक गोष्टीवरची पकड पाहून ते थक्क झाले होते. तमिळमध्ये १९५४ साली ‘अंद नाळ’ नावाचा सिनेमा आला, एका खुनाबद्दल वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या गोष्टी आणि एकही गाणं नाही. त्यामागे ‘राशोमोन’च होता. अमेरिकेत त्यावर नाटक झालं, घोडे-बंदुकांचा सिनेमा झाला. पुढे एकाच घटनेबद्दल चारजण चार गोष्टी सांगायला लागले की त्याला ‘राशोमोन परिणाम’ म्हणायची पद्धत पडली. कोर्टात, वर्तमानपत्रांत, अभ्यासकांच्या लेखांत हा शब्द सर्रास येतो. जपानी भाषेत तर याहून जुना शब्द आहे. ज्या कथेवरून सिनेमा घेतला तिचं नाव ‘यबु नो नाका’, म्हणजे झाडोऱ्यात. कथा रयुनोसुके अकुतागावा यांची, १९२२ सालची. आजही एखाद्या भांडणात खरं काय ते कळेनासं झालं की जपानी माणूस म्हणतो, ते झाडोऱ्यात आहे.

इथवर सगळं छान आहे. पण या सगळ्या कौतुकात एकच प्रश्न फिरतो, तो म्हणजे सामुराईला मारलं कुणी? सत्य म्हणजे काय, माणूस खोटं का बोलतो, यावर शहाण्या माणसांनी ढीगभर लिहिलं. बाईवर जबरदस्ती झाली ही गोष्ट मात्र सगळे एका वाक्यात सांगून पुढे जातात. जणू ती पायरी आहे, पाय ठेवून वर जायला.

सिनेमात एक युक्ती आहे, ती आम्हाला दुसऱ्यांदा पाहताना कळली. चौकशीत न्यायाधीश दिसत नाही. त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार अंगणात बसून थेट आपल्याकडे बघून बोलतात. प्रश्न ऐकू येत नाही, ‘काय म्हणता? तलवार?’ असं साक्षीदारच म्हणतो, त्यावरून तो काय विचारला असेल ते समजायचं. म्हणजे न्यायाधीशाच्या जागी बसलोय आपण. ओरित कामीर नावाच्या इस्रायलच्या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी २००० साली यावर मोठा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की खटला दरोडेखोरावर आहे, पण हा सिनेमा बघणाऱ्याला न्यायाधीश करतो आणि न्याय करायला लावतो तो बाईचा. ती शीलवान होती की नव्हती? रडणं खरं की नाटकी? तिनं भांडण लावलं का? तीन पुरुषांच्या तीन गोष्टींत कुठे ना कुठे सगळं तिच्यावर येतं. दरोडेखोर तर वाऱ्यालाही दोष देतो, वारा आला नसता तर मी त्याला मारलं नसतं म्हणतो.

आता आमचा गलका सांगतो. सिनेमा संपल्यावर आम्ही त्याच खुर्चीवर बसलो होतो हे कबूल करायला हवं. पहिली पाच मिनिटं आमच्यातल्या निम्म्याजणी हेच म्हणत होत्या की बाई चालू होती, नाहीतर एवढी हसली असती का. एक जण म्हणाली, शेवटच्या गोष्टीत ती दोघांना भिडवते तेच खरं, बाकी रडणं ढोंग. दुसरी तिच्यावर तडकली की तुझ्यावर आली असती तर तू काय आरती केली असतीस? लाकूडतोड्याला मात्र सगळ्यांनी चटकन माफ केलं. त्याला घरी सहा लेकरं आहेत, खंजीर चोरला तर पोटासाठी चोरला असेल. शेवटी वेशीत टाकून दिलेलं तान्हं बाळ तो सातवं म्हणून घरी नेतो, तिथे तर दोघींनी डोळे पुसले. परदेशातल्या काही समीक्षकांना तो शेवट गुळगुळीत वाटतो. आम्हाला नाही वाटला. सहा लेकरांच्या घरात सातवं नेणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना नाही वाटायचा.

मग मागच्या रांगेतली एक म्हातारी बाई बोलली. ती एरवी बैठकीत हजेरीपुरती बोलते. ती म्हणाली, “ते सगळं राहू द्या गं. नवरा तलवारीच्या लोभानं तिला रानात एकटी टाकून गेला, त्याचं कुणी का काढत नाही?”

खरंच, कुणीच काढत नाही. ते येतं फक्त दरोडेखोराच्या गोष्टीत, आणि तिथेही ते वाऱ्यावर जातं. दरोडेखोर हसत सांगतो की लोभ दाखवला आणि फसवलं. नवरा मेल्यावरसुद्धा स्वतःला मान खाली घालायला लावणारं हे एक वाक्य बोलत नाही. बायकोचा विश्वासघात सांगतो, आपला लोभ नाही.

आम्हाला नंतर वाचताना आढळलं की हा प्रश्न आमच्या म्हातारीनं पहिल्यांदा विचारलेला नाही. अकुतागावांनी आपली कथा ज्या जुन्या गोष्टीवरून घेतली, ती ‘कोंजाकु मोनोगातारी’ नावाच्या जपानी कथासंग्रहात आहे. संग्रह सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा. त्या गोष्टीत खून नाहीच. नवरा बायकोला घोड्यावर बसवून तानबा प्रांताकडे निघालेला असतो, स्वतः धनुष्यबाण घेऊन मागून चालत. वाटेत भेटलेल्या तरुणाची उंची तलवार त्याला आवडते. तो आपलं धनुष्य देऊन ती तलवार घेतो. मग तोच तरुण बाण रोखून त्यांना रानात नेतो, नवऱ्याला झाडाला बांधतो, बायकोवर जबरदस्ती करतो आणि घोडा घेऊन निघून जातो. बायको नवऱ्याला सोडवते आणि त्याला सुनावते की तुझ्यावर काही भरवसा नाही, असा स्वभाव असेल तर तुझं पुढेही काही भलं होणार नाही. नवरा काही बोलत नाही. दोघं तसेच पुढे तानबाला जातात. आणि गोष्ट सांगणारा शेवटी ठपका ठेवतो तो नवऱ्यावर, अनोळखी माणसाच्या हाती रानात धनुष्यबाण देणारा मूर्ख म्हणून. तोच सांगणारा चोरानं बाईचे कपडे नेले नाहीत याचं कौतुकही करतो, ते काही आपल्याला पटायचं नाही. पण बाईला तो बोल लावत नाही.

१९२२ साली अकुतागावांनी त्यात खून घातला, साक्षी घातल्या. कथा म्हणून ती फार मोठी झाली. १९५० साली तिचा सिनेमा झाला आणि तोही मोठा झाला. पण या वाटेत बायकोनं नवऱ्याला सुनावलेलं ते साधं बोलणं गळून पडलं. सिनेमात ती सुनावते ती फक्त लाकूडतोड्याच्या गोष्टीत, तेही दोघांना लढवायला. तलवारीबद्दल नाही.

आम्ही म्हातारीला हे सांगितलं. तिला नऊशे वर्षांचं काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, “मग ती बाई पुढे गेली कुठे?”

सिनेमात ते नाही. चौकशीआधी ती एका देवळात लपलेली असते, शिपाई तिला शोधून आणतात. साक्षीत ती सांगते की जीव द्यायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही, मी काय करायला हवं होतं? त्यानंतर ती पुन्हा दिसत नाही. पाऊस थांबतो, लाकूडतोड्या बाळ घेऊन वेशीबाहेर पडतो. ती कुठल्या घरी गेली, तिला कुणी आत घेतलं का, काही दाखवलेलं नाही. आमच्यातली एक म्हणाली, माहेरी गेली असेल. दुसरी म्हणाली, अशा वेळी माहेर कुठलं गं. मग प्रोजेक्टर बंद केला आणि चादर उतरवली.